हिरवा हत्ती

मंडळी, या शनिवारी चक्क गवतावर लिहितोय. हसू नका. गेल्या दोन महिन्यांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगच्या खालोखाल भांडणं झाली असतील तर ती लॉनवरून. म्हटलं, इतकी एनर्जी खर्च होतेच आहे तर जरा आकडेमोड करून बोलावं. शेवटी इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वापरायला हवीत ना. (ऑफिसात तर वापरली जात नाहीत.)

आधी पत्ता सांगतो. माण. साताऱ्याचा दहिवडीवाला दुष्काळी माण तालुका नव्हे. हे हिंजवडीला खेटून असलेलं, मुळशी तालुक्यातलं माण गाव. आयटी पार्कचा बराचसा भाग आणि मेट्रोचा डेपो याच गावाच्या हद्दीत येतो, पण कॅबवाल्याला ‘माण’ सांगितलं की तो विचारतो, ‘म्हणजे फेज थ्री का?’ दोन्ही माणांत साम्य फक्त नावाचं, असं मी इथे राहायला येईपर्यंत समजत होतो. एप्रिल-मेमध्ये टँकर दोन्हीकडे फिरतात.

आणि गंमत बघा, मुळशी हा काही कोरडा तालुका नाही. ताम्हिणीकडे पाऊस इतका कोसळतो की पुण्याची माणसं तो बघायला गाड्या घेऊन जातात. याच तालुक्यात टाटांचं धरण आहे. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. त्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून खाली भिऱ्याला वीज तयार करतं आणि कोकणात जातं. म्हणजे पाणी पश्चिमेला जातंय आणि आम्ही पूर्वेच्या टोकाला बसून टँकरवाल्याला फोन लावतोय. असो, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

तर लॉन. आमच्या सोसायटीत तीनशे फ्लॅट, साधारण बाराशे माणसं आणि हजार चौरस मीटर लॉन. ब्रोशरमध्ये हीच हिरवळ पहिल्या पानावर होती, तिच्यावर एक गोरंपान कुटुंब सोनेरी कुत्र्याबरोबर धावत होतं. प्रत्यक्षात तिच्या कडेला पाटी आहे : ‘कृपया लॉनवर चालू नये.’

आता हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडच्या उन्हात हिरवंगार लॉन दिवसाला 5 ते 6 मिलिमीटर पाणी हवेत सोडतं, आणि तेवढं परत दिलं नाही तर ते पिवळं पडायला लागतं. म्हणजे हजार चौरस मीटरला रोज पाच-सहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज अर्धा टँकर निव्वळ गवत पितं. शहरी पाणीपुरवठ्याचं गणित करताना माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, त्यातले 45 लिटर फ्लशसाठी. सहा हजार लिटर म्हणजे 133 माणसांचा दिवसभराचा फ्लश.

पावसाळ्याचे चार महिने सोडून देऊ. फेब्रुवारी ते मे रोजचे साडेपाच हजार, ऑक्टोबर ते जानेवारी थोडं हलकं, रोजचे साडेतीन हजार धरू. बेरीज जाते जवळपास अकरा लाख लिटरवर. एका सोसायटीच्या एका लॉनची एका वर्षाची तहान. पाइप सुरू ठेवून माळीकाका चहाला गेले तर वाया जाणारं पाणी यात धरलेलं नाही.

अकरा लाख म्हणजे किती, ते असं वाचून कळत नाही. म्हणून एक आठवण करून देतो. 2016 चा उन्हाळा. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मराठवाड्यात भीषण दुष्काळ, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. त्याच एप्रिलमध्ये आयपीएल. लोकसत्ता मूव्हमेंट नावाच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली की मैदानांवर पाणी ओतून सामने कसले खेळवताय? मुंबई, पुणे आणि नागपूरच्या सामन्यांसाठी साठ लाख लिटर पाणी लागेल, हा आकडा तेव्हा सगळ्या चॅनलवर गाजत होता. 13 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. पुण्याचा संघ आपलं गहुंज्याचं मैदान सोडून विशाखापट्टणमला गेला. गहुंजे इथून लांब नाही, हिंजवडीपलीकडे, एक्स्प्रेसवेला लागून.

साठ लाख भागिले अकरा लाख. साडेपाच. म्हणजे ज्या पाण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि देशभर चर्चा झाली, तेवढं पाणी आमच्यासारख्या साडेपाच सोसायट्या दर वर्षी गवताला घालतात. आणि फेज वन ते थ्री फिरून बघा, साडेपाचच सोसायट्या आहेत का? त्यात कंपन्यांच्या कॅम्पसमधली हिरवळ वेगळी. तिच्यावर तर सामनाही होत नाही. फार तर क्लायंट व्हिजिटला कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवून ‘ग्रीन कॅम्पस’ म्हणतं.

माझ्या मते लॉन हा लीगसी कोड आहे. का आहे ते कोणालाच माहीत नाही, काढायला सगळे घाबरतात, आणि मेंटेनन्सचं बिल दर महिन्याला येतं. मूळ रिक्वायरमेंट इंग्लंडची. तिथे बाराही महिने रिमझिम पाऊस, ऊन बेताचं, त्यामुळे गवत आपोआप हिरवं. आधी त्यावर मेंढ्या चरायच्या नाहीतर गडी विळ्याने कापायचे. 1830 मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि जमीनदारांची हौस मध्यमवर्गाच्या दारात आली. साहेबाने ती इथे कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांत आणि जिमखान्यांत आणली. साहेब गेला, जिमखाने राहिले, आणि आपण घर घ्यायला लागल्यावर ‘प्रीमियम’ म्हणजे काय असं आर्किटेक्टने विचारलं तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर जिमखानाच आला.

आता या गवताची नावं. नर्सरीत ‘मेक्सिकन लॉन’ मागाल तर जे मिळतं त्याचा मेक्सिकोशी काही संबंध नाही, ते मूळचं पूर्व आशियातलं झॉयशिया. दुसरं चालतं ते ‘बर्म्युडा’. आणि बर्म्युडा म्हणजे कोण, तर आपली हरळी! गणपतीला वाहतो त्या दूर्वा. आमच्या माळीकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘मला काय सांगता साहेब? आमच्या वावरातनं हरळी काढता काढता माझा आजा म्हातारा झाला. हितं तिलाच खत घालायचा पगार घेतोय.’

हरळीची खुबी शेतकऱ्याला चांगली माहिती असते. पाणी तोडलं की ती वरून वाळते, पण मुळ्या खाली जिवंत राहतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की परत उगवते. म्हणूनच ती शेतात नकोशी. म्हणजे उन्हाळ्यात पिवळं पडणं हे तिचं मरण नाही, ती तिची मे महिन्याची सुट्टी आहे. आपण त्या सुट्टीत तिला रोज ऑफिसला बोलावतो आणि ओव्हरटाइम टँकरने देतो.

सह्याद्रीच्या आपल्या बाजूचं सगळं गवत असंच आहे. पवना, मारवेल, कुसळी. जुलैत डोंगर हिरवे, दिवाळीनंतर सोनेरी. बारामतीजवळ सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथे चिंकारा बघायला जातो तेव्हा त्या पिवळ्या माळरानाचे फोटो आपण ‘गोल्डन अवर’ म्हणून टाकतो. तोच रंग सोसायटीत दिसला की सेक्रेटरीला मेल जाते : ‘गार्डन मेंटेन होत नाहीये.’

माझं म्हणणं एवढंच आहे. चार महिने पावसाच्या प्रदेशात बारा महिने हिरव्याचा हट्ट धरायचा, आणि त्यासाठीचं पाणी शेजारच्या गावाच्या विहिरी-बोअरमधून उपसून आणायचं, हा सौदा मला पटत नाही. टँकरमधलं पाणी आकाशातून येत नाही. आपल्याकडे जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. वाळूच्या प्रदेशासारखा खोल साठा इथे नाही. एकाने जोरात उपसलं की शेजाऱ्याची बोअर कोरडी पडते. टँकर भरून देणाऱ्याला पैसे मिळतात हे खरं, पण त्याच्या शेजाऱ्याला काय मिळतं? आपल्या बिलात ती किंमत कुठेच नसते.

यावर कमिटीचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘पण लॉनला आपण एसटीपीचं पाणी देतो.’ हा मुद्दा तगडा आहे, आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. बाराशे माणसं गुणिले 135 म्हणजे दिवसाला 1 लाख 62 हजार लिटर. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरलं तर सव्वा लाखाच्या वर. फ्लशला 54 हजार गेले तरी सत्तर-पंचाहत्तर हजार उरतात. कागदावर तर लॉनला पुरून नाल्यात सोडायला लागेल इतकं पाणी आहे. मग टँकरचं पाणी लॉनला लागतंच कशाला?

कारण कागद. प्लँट नीट चालवायला वीज लागते, ऑपरेटर लागतो, फिल्टर बदलावे लागतात. यातलं काही चुकलं की पाण्याला वास येतो, लोक तक्रार करतात की मुलं इथे खेळतात. मग एक दिवस गुपचूप पाइप बोअरच्या टाकीला जोडला जातो. आमच्याकडे झालंय हे, आणि तुमच्याकडे झालं नसेल तर एकदा बागेचा नळ कुठून येतो ते बघून या. मला लॉनची खरी अडचण इथे वाटते. ते एक दिवसही थांबू शकत नाही. प्लँट आठवडाभर बंद पडला तर झाडं तग धरतात, लॉन आठवडाभरात तपकिरी होतं आणि ग्रुपवर युद्ध सुरू होतं.

शिवाय चांगलं पाणी असेल तरी ते कशाला द्यायचं, हा प्रश्न उरतोच. नव्या लावलेल्या रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला साठ लिटर दिले तरी भरपूर. लॉनच्या रोजच्या सहा हजार लिटरमध्ये आठवड्याला सातशे रोपं जगतात. तीन उन्हाळे काढले की करंज, कडुनिंब, बहावा यांना आपलं पाणी फारसं लागतही नाही. लॉनची तहान मात्र दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकीच. आणि सावली? लॉनवर मे महिन्यात दुपारी उभं राहून दाखवा.

अमेरिका तर लॉनची पंढरी. 2005 साली नासाच्या क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मदतीने अंदाज काढला की तिथे हिरवळीखालची जमीन सुमारे 1 लाख 64 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. पाणी देऊन पिकवलेल्या मक्याखाली असलेल्या जमिनीच्या तिप्पट. पण त्याच अमेरिकेत लास व्हेगासच्या लोकांना वाळवंटात बसून हा हत्ती पोसवेना. तिथलं पाणी खातं लॉन उखडणाऱ्याला चौरस फुटाच्या हिशोबाने रोख पैसे देतं. लॉनच्या जागी वाळवंटी झाडं लावली की चौरस मीटरमागे वर्षाला साधारण 2,200 लिटर पाणी वाचतं असं त्यांना मोजून दिसलं. 2021 मध्ये नेवाडाने कायदाच केला : 2026 संपल्यावर ‘बिनकामाच्या’ हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. त्यातून लोकांच्या घरांची अंगणं वगळली, रोख आहे तो ऑफिसं, रस्त्यांचे दुभाजक, सोसायट्यांच्या सामाईक जागा यांच्यावर.

मला त्यातला हा ‘बिनकामाची’ शब्द फार आवडला. मुलं जिथे फुटबॉल खेळतात ते गवत कामाचं. आजी-आजोबा संध्याकाळी सतरंजी टाकून बसतात ते कामाचं. ज्याच्यावर फक्त गवत कापायचं मशीन चालतं ते बिनकामाचं. ही चाचणी आमच्या हजार चौरस मीटरला लावली तर क्लबहाउससमोरचे अडीचशे मीटर कामाचे निघतात (तिथली ‘चालू नये’ पाटी मुलांनी कधीच मोडली आहे). बाकीचे साडेसातशे फोटोपुरते.

त्या साडेसातशेचं काय करायचं? इथे बिल्डरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लॉनचा मोठा भाग पोडियमवर आहे, म्हणजे खाली पार्किंग, वर स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि मग फूट-दीड फूट माती. तिथे वड लावायचा म्हटलं तर खालच्या गाडीवाल्याच्या टपावर पारंब्या येतील. उथळ मातीत सगळ्यात सोपं आणि स्वस्त हिरवं म्हणजे लॉनची गुंडाळी आणून अंथरणं, म्हणून ते अंथरलं. पण फूटभर मातीत बरंच काही येतं. गवती चहा, पानओवा, कोरफड, अबोली, मोठ्या कुंडीत कढीपत्ता. जमिनीलगत पसरणारं हिरवंच हवं असेल तर जलपिंपळी आहे, आपल्याकडे ओलसर जागी आपोआप उगवते. तिला बारीक फुलं येतात, त्यावर मधमाश्या आणि फुलपाखरं येतात. महिन्यातून चारदा कापलेल्या लॉनला फूलच येत नाही, मग तिथे मधमाशीने कशाला यावं?

आणि जिथे खाली खरी जमीन आहे तिथे झाडं. ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे. बहावा, पळस, कांचन लावा. पळस आणि काटेसावर तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात, लॉन तपकिरी व्हायच्या मोसमात. झाडांखाली वाळलेल्या पानांचा थर राहू द्या, तो झाडून जाळू नका. पाणी मातीत टिकतं.

खरं म्हणजे हे सगळं आपल्याला कोणी लास व्हेगासहून शिकवायची गरज नव्हती. माझ्या आजोळी पुढे अंगण, मागे परसू. अंगणात हिरवं पातंही नाही, शेणाने सारवलेली जमीन आणि मध्ये तुळस. त्यावर धान्य वाळायचं, पोरं खेळायची, रात्री सगळे झोपायचे. हिरवं सगळं मागे, आणि तेही मोरीच्या पाण्यावर : अळू, केळ, कर्दळ, कडेला शेवगा. आजीने वेगळं पाणी झाडाला घातलेलं मला आठवत नाही. वापरायची जागा आणि पिकवायची जागा वेगळी, आणि दोन्ही बिनकामाच्या नाहीत.

(एक सूचना : अळूवर भाळून एसटीपीचं पाणी पालेभाजीला देऊ नका. ते झाडांना आणि फुलांना ठीक. खायच्या वाफ्याला आरओ मशीनमधून फेकलं जाणारं पाणी साध्या पाण्यात मिसळून द्या, नुसतं देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात. दर लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. तीनशे घरांत रोज प्रत्येकी वीस लिटर धरा. किती झाले? सहा हजार. लॉनचा आख्खा आकडा!)

‘त्यापेक्षा आर्टिफिशियल टर्फ टाकू’ म्हणणारे एक सद्गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना नम्र विनंती, मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या टर्फवर अनवाणी उभे राहा. ते प्लास्टिक साठ अंशांच्याही वर तापतं, काही वर्षांत झिजून त्याचे तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जातात, आणि शेवटी ते कचऱ्यातच जातं. पाणी वाचतं हे मान्य, पण मग अंगणात ताडपत्री का नको?

रीसेल व्हॅल्यूचा मुद्दाही येतो. फ्लॅट बघायला आलेल्याला हिरवळ दिसली पाहिजे म्हणे. मी स्वतः फ्लॅट बघत हिंडलो तेव्हा तिसऱ्या सोसायटीपासून माझा पहिला प्रश्न ‘टँकर किती येतात?’ हा असायचा. लॉनबद्दल मी एकदाही विचारलं नाही. माझ्या टीममधल्या ज्यांनी ज्यांनी इथे घर घेतलं त्यांचाही अनुभव हाच.

मला जास्त अडवणारा प्रश्न वेगळाच आहे, माळीकाकांच्या कामाचा. लॉन गेलं तर माणूस कमी करायचा, असा सूर लगेच निघाला. मला तो साफ नामंजूर आहे. गवत कापणं हे त्यांच्या अंगच्या कौशल्यातलं सगळ्यात कमी कौशल्य लागणारं काम आहे. छाटणी, कलमं, गांडूळखत, कुठल्या कोपऱ्यात काय येईल याचा अंदाज, हे सगळं त्यांना येतं. तीनशे घरांतल्या कोणालाही येत नाही. टँकरचे जे पैसे वाचतील त्यातला काही भाग त्यांच्या पगारात घालावा, असं मी प्रस्तावात लिहिलंय. बघू, किती जण हात वर करतात.

प्रस्ताव थोडक्यात असा. अडीचशे मीटर लॉन मुलांसाठी ठेवायचं, पण त्याची उंची जरा जास्त ठेवायची म्हणजे माती सावलीत राहते, आणि कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं म्हणजे खताची पाव गरज फुकटात भागते. फेब्रुवारीनंतर त्याला फक्त एसटीपीचं पाणी, प्लँट बंद असेल तर पाणी बंद. पिवळं पडलं तर पडू द्यायचं. उरलेल्या साडेसातशेपैकी पोडियमवर वाफे, खालच्या जमिनीवर पंचेचाळीस झाडं. बागेच्या नळाला स्वतंत्र मीटर, आणि त्याचं रीडिंग दर महिन्याला नोटीस बोर्डवर.

शेवटचं कलम माझ्या शेजारच्या काकूंनी घातलंय. साडेसातशेपैकी एक कोपरा हरळीसाठी राखीव, पाणी न देता. भाद्रपदात पावसावरच तरारलेली असते, आणि गणपतीत दूर्वांची जुडी विकत आणायला नको.